वादळाच्या आदल्या दिवशीचा नकार

अण्णा,

तुम्ही गेल्यावर तुमच्या ओटीवर येऊन बसलेला प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल चांगलंच बोलत होता. कुणी म्हणालं, साठीनंतरही खांबावर चढणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही. कुणी सांगितलं, आमच्या आईला अण्णांनीच खुर्चीत बसवून चार मजले खाली आणलं. आणि मग आवाज खाली आणून, जवळजवळ सगळ्यांनी एक वाक्य जोडलं. "एकदाच चुकले. वादळाच्या वेळी. शेवटी माणूसच."

दहा दिवस मी ते ऐकलं. चटईवर, भिंतीला टेकून, वहिनींच्या शेजारी बसून ऐकलं. दहा दिवसांत एकदाही मी म्हणाले नाही, की ती चूक अण्णांची नव्हती.

माझी होती. ते आपल्या दोघांना ठाऊक होतं, आणि दोघांतले तुम्ही निघून गेलात.

आपली ओळखच भांडणातून झाली. आमच्या कॉलनीतल्या फ्लॅटवाल्यांनी पाणी आणि खड्डे यांच्यासाठी नागरिक मंडळ काढलं होतं. मी त्याची चिटणीस. मुंबईत विम्याच्या कचेरीत उभं आयुष्य फायलींत गेल्यामुळे मला वाटायचं, अर्ज नीट लिहिला की काम होतं. एका सभेत रोज जाणाऱ्या विजेवर मी तावातावानं बोलत होते, तेव्हा मागच्या खुर्चीवरून तुम्ही उठलात. पांढऱ्या मिशा, खाकी पँट, खिशाला टेस्टर. म्हणालात, "ताई, डीपी गावाची हाय. तिच्यावर तुम्ही शहर आनून बसवलंत. ती किती खेचंल?" निवृत्त लाइनमन, खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस, हा आपल्या सभेत कशाला आला, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर होतं. माझ्याही असेल.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. जिथं आमच्या गाड्या उभ्या असतात तिथून तुमच्या शेतांचं पाणी खाडीला जायचं, ते बुजवलं म्हणून तुमचं भात कुजतं आणि आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी शिरतं, हेही तुम्ही त्याच सभेत सांगून टाकलंत. तो वाद आपण शेवटपर्यंत घातला. मी म्हणायचे, आम्ही घर घेतलं, भराव आम्ही नाही टाकला. तुमचं म्हणणं, घेणारा आहे म्हणून टाकणारा आहे. याचं उत्तर मला कधी सापडलं नाही, आणि तुम्हीही ते मागायचं सोडलं नाहीत. तरी पुढच्याच वर्षी अध्यक्षपदासाठी तुमचं नाव मीच सुचवलं. आमच्या सभांमध्ये सगळे तक्रार करायचे. कारण सांगणारे तुम्ही एकटेच होतात.

मग ती टाळेबंदी आली.

पहिल्या महिन्यांत काय झालं ते आता लोक विसरलेत. शेजारच्या भुईगावच्या, नंदाखालच्या वाड्यांत केळीचे घड झाडावरच पिकून गळत होते, कारण मुंबईच्या बाजाराला जायची सोय नव्हती. आणि इकडं आमच्या बिल्डिंगांत लोक डाळ-भातावर आले होते. गावांनी रस्त्यावर बांबू बांधले होते; बाहेरचा माणूस आत नको, आतला बाहेर नको. तुम्ही त्या बांबूपाशी जाऊन उभे राहिलात. गाववाले म्हणाले, बिल्डिंगवाल्यांचा आजार इथं आणू नका. बिल्डिंगवाले म्हणाले, गाववाले आमच्या सोसायटीत नकोत. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन तुम्ही सकाळी दोन तासांसाठी बांबू काढायला लावलात, आणि भाजीचे टेम्पो आमच्या फाटकापर्यंत आणलेत.

त्यातला पहिला टेम्पो मार्शलचा. भुईगावचा मार्शल, चाळिशीचा, अंगानं सडपातळ, वेलची केळीची वाडी आणि थोडी भाजी. त्याची बायको जसिंता शेजारी बसून माप घालायची. मी साताऱ्याकडची, मला अळूची पानं आवडतात हे त्यानं एकदा ऐकलं, आणि मग रोज एक जुडी बाजूला काढलेली असायची. कधी बोलून नाही दाखवलं. माझा नंबर आला की नुसती जुडी पुढं करायचा.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि त्या लाटेत मार्शल सापडला.

तेव्हा कुठं खाट मिळत नव्हती. मिळाली तरी ऑक्सिजन पुरेल याची खात्री नव्हती. मंडळानं कुठून कुठून ऑक्सिजनची सहा मशीन मिळवली, विजेवर चालणारी, घरी लावायची. जे इस्पितळातून सुटले पण ज्यांना अजून श्वास पुरत नाही, आणि ज्यांना खाटच मिळाली नाही, अशांना ती द्यायची. फोन माझ्या नंबरावर यायचे. मशीन कुणाला हे आपण दोघं डॉक्टरांना विचारून ठरवायचो. पण ते लावायला तुम्हीच जायचात. घरात शिरल्यावर पेशंटच्या आधी तुम्ही प्लगाकडे बघायचात. अर्थिंग नसेल तर आधी ते करायचात, मगच मशीन चालू. मी एकदा वैतागून म्हटलं, अण्णा, तिकडं माणसाचा जीव जातोय आणि तुम्ही स्क्रू पिळताय. तुम्ही म्हणालात, जीव याच तारेतून येनार हाय, ताई.

मार्शलला सहावं मशीन मिळालं. ते त्याच्या घरी बसवून आलात तेव्हा तुम्ही बरेच खुशीत होतात. लवकर बरा होईल, तरणा आहे, असं म्हणालात.

आणि मग समुद्रात वादळ असल्याची बातमी आली.

आता जे लिहितेय ते तुम्ही होतात तोवर मी कुणाजवळ बोलले नव्हते, माझ्या नवऱ्याजवळसुद्धा नाही.

वादळाच्या आदल्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्याकडे आलात. दारातच उभे राहिलात, मास्क लावून. तुमच्या एका जुन्या मित्राचा नंदाखालला लग्नाचा हॉल होता, वर्षभर बंद पडलेला. त्याला मोठा जनरेटर होता. तुम्ही आदल्या संध्याकाळीच जाऊन तो चालवून पाहिला होता. डिझेल भरलं होतं. म्हणालात, सहाही पेशंट आजच तिथं नेऊ. उद्या वारा सुटला की झाडं पडतील, झाडं तारा घेऊन पडतील, आणि मग ही वीज तास-दोन तासांची जाणारी नाही. दोन दिवस, तीन दिवस, कितीही.

मी नाही म्हटलं.

माझ्याजवळ कारणं होती. सहा आजारी माणसं एका हॉलमध्ये ठेवायची तर परवानगी लागेल. आपण इस्पितळ नाही. घरचे लोक तयार होणार नाहीत. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या खाली जे होतं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, की त्या हॉलमध्ये कुणी दगावलं तर पोलीस माझ्या दारात येतील. कागदावर सही चिटणिसाची असते. तीन आठवड्यांपूर्वीच माझा नवरा या आजारातून उठला होता, आणि मी इतकी थकले होते, की अजून एक जबाबदारी अंगावर घेण्यापेक्षा वीज जाणार नाही यावर विश्वास ठेवणं मला सोपं वाटलं. मी म्हटलं, "अण्णा, दरवर्षी असंच घाबरवतात. दोन तासांत लाईट येईल. प्रत्येकाकडे छोटा सिलेंडर ठेवू, तेवढं पुरेल."

तुम्ही म्हणालात, "सिलेंडर तीनच हायत." मी म्हटलं, मग ज्यांची घरं लांब आहेत त्यांना देऊ. तुम्ही अध्यक्ष होतात. माझं न ऐकता करू शकला असता. पण पेशंटच्या घरच्यांचा विश्वास माझ्या फोनवर होता. माझ्याशिवाय एकही घर हललं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं. शेवटी जिना उतरताना एवढंच म्हणालात, की जनरेटर मी तयार ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण नऊला वीज गेली. वारा असा होता की आमच्या गच्चीवरचे पत्रे समोरच्या बिल्डिंगवर जाऊन आदळत होते. साडेनऊला माझा फोन वाजायला लागला तो थांबेना. मशीन बंद. बाबांचा ऑक्सिजन उतरतोय. आई निळी पडतेय. मी एकेकाला म्हणत होते, येईल, येईल वीज. माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता.

तुम्ही दहाला भाजीचा एक टेम्पो घेऊन खाली उभे होतात. वर ताडपत्री, आत गाद्या. मला म्हणालात, फोन करा सगळ्यांना, निघतोय म्हणून सांगा. कालचं एक अक्षर काढलं नाहीत.

मार्शलकडे भरलेला सिलेंडर होता, आणि त्याच्या बोटाला लावलेलं यंत्र बरा आकडा दाखवत होतं. जसिंता फोनवर म्हणाली, आम्ही थांबतो, आधी म्हाताऱ्या माणसांना न्या. म्हणून तो शेवटी ठरला. ते आपण दोघांनी ठरवलं, आणि त्या वेळी ते बरोबरही होतं. तीन तासांचा ऑक्सिजन होता त्याच्याकडे.

पण आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी चौथ्या मजल्यावर होत्या, आणि लिफ्ट बंद. प्लास्टिकच्या खुर्चीला ओढणीनं बांधून तुम्ही आणि त्यांच्या मुलानं त्यांना उतरवलं, मी सिलेंडर धरून मागे. प्रत्येक वळणावर थांबावं लागत होतं. दुसऱ्या मजल्यावर त्यांची मान कलली तेव्हा मला वाटलं संपलं. तुम्ही त्यांच्या गालावर थापटलं आणि म्हणालात, आजी, डोळे उघडा, अजून भाडं नाय दिलं खुर्चीचं. त्या हसल्या. खरंच हसल्या, अण्णा. त्यांचा मुलगा तुमच्या ओटीवर हेच सांगून रडला.

नंदाखालपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. वाटेत झाड आडवं, मागं फिरा, दुसऱ्या गल्लीतून घुसा. हॉलवर जनरेटर धडधडत होता, पाच मशीन सुरू झाली. साडेबारा वाजून गेले होते. जसिंताचा फोन लागेनासा झाला होता.

भुईगावात शिरायच्या रस्त्यावर सुरूची दोन झाडं आणि एक विजेचा खांब आडवा पडला होता. तारा रस्त्यावर, पाण्यात. पलीकडे आठ-दहा गाववाले उभे होते, कुणी पुढं येत नव्हतं. मी म्हटलं, अण्णा, वीज तर गेलीय, तारा मेलेल्या आहेत, चला. तुम्ही माझा दंड धरून मला मागं ओढलंत. त्याआधी कधी तुम्ही मला हात लावला नव्हता. "कुनाच्या तरी घरात जनरेटर चालू असंल. तार मागून जिवंत व्हते. अशी मी हाताखालची दोन पोरं गमावलीत." मग पलीकडच्यांना ओरडून सांगितलंत, की दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घरात जा आणि मेन स्विच पाडून या. ते गेले, आले. तुम्ही रबरी हातमोजे घातलेत, टेस्टर लावून पाहिलं, एकेक तार उचलून कडेला टाकलीत.

त्यात दहा मिनिटं गेली. पुढं कित्येक रात्री मी ती दहा मिनिटं मोजत राहिले, आणि मग आदल्या दिवसाचे आख्खे चोवीस तास माझ्यासमोर यायचे.

टेम्पोत न उघडलेला एक सिलेंडर उरला होता, तो तुम्ही खांद्यावर घेतलात. मला म्हणालात, तुम्ही टेम्पोपाशी थांबा, हॉलवरून फोन लागला तर तुम्हालाच येईल. आणि त्या आडव्या बुंध्यांवरून चढून, पावसात, पासष्टी उलटलेले तुम्ही दिसेनासे झालात.

मी टेम्पोच्या चाकापाशी वाकून उभी होते. वाऱ्यानं उभं राहू देत नव्हतं. किती वेळ गेला ते घड्याळात बघायचा धीर झाला नाही.

परत आलात तेव्हा सिलेंडर खांद्यावरच होता. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही तो टेम्पोत नीट आडवा ठेवलात, घरंगळू नये म्हणून गादीचा टेकू दिलात, आणि म्हणालात, "सील तोडायची वेळ नाय आली."

मला वाटतं मी खाली बसले असेन. कारण तुम्ही मला उठवल्याचं आठवतं. "चला. तिकडं पाच जन हायत."

ते पाचही जण जगले. दोन दिवस आणि वर अर्धा दिवस वीज नव्हती. तुम्ही जनरेटरपाशी खुर्ची टाकून बसला होतात. पाचवे पेशंट घरी गेले त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हॉलच्या मागे जाऊन उभे राहिलात.

आठवड्यानं आमच्या गच्चीवर सभा झाली, लांब लांब खुर्च्या टाकून. आमच्याच बिल्डिंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी सरळ विचारलं, वादळाची सूचना होती, हॉल तयार होता, मग पेशंट आदल्या दिवशीच का नाही हलवले? प्रश्न योग्य होता. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं, अण्णा. पण माझ्या आधी तुम्ही उठलात.

"मला वाटलं, दोन तासांत लाईट येल," तुम्ही म्हणालात. "जनम तारेवर काढला, तरी अंदाज चुकला. निर्नय माझा व्हता."

माझं वाक्य. माझ्या दारात, माझ्या तोंडून निघालेलं वाक्य तुम्ही उचललंत आणि तुमच्या नावावर घातलंत. मी चिटणीस, ते माझ्याच हातानं इतिवृत्तात लिहिलं आणि खाली सही केली. तुम्ही त्याच सभेत अध्यक्षपद सोडलंत. लोकांनी माझं नाव सुचवलं. मी नाही म्हणायला हवं होतं. त्या वेळी तेही जमलं नाही.

सभेनंतर जिन्यात मी तुम्हाला गाठलं, तेव्हा तुम्ही हळू आवाजात समजावलंत. अजून लाट आहे, मशीन अजून घराघरांत आहेत, लोक तुमच्या फोनवर विश्वास ठेवतात. मी गेलो तर मंडळ चालेल, तुम्ही गेलात तर मोडेल. मग म्हणालात, "मार्शल परत येत नाय. बाकीच्यांची मशिनी चालू ठेवा." मला ते पटलं. खरं तर मला ते पटायला हवंच होतं.

पण लाट ओसरल्यावर तरी? मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तुमच्या ओटीवर. तुम्ही नाल्याच्या सफाईवर बोलायला लागलात. दुसऱ्यांदा मी अडून बसले, तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर चिडलात. "तुमाला मोकळं व्हायचंय, ताई. त्यापायी मंडळाची माती का करताय?"

मला फार राग आला. अजून आहे. तुम्ही मला विचारलंत का? माझी चूक माझ्याकडून काढून घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? एवढं मोठं उपकाराचं ओझं कुणी कुणावर न विचारता टाकतं का? हे सगळं मी तुमच्याशी भांडणार होते. पुढच्या वेळी, निवांत, वहिनी बाजारात गेल्या की. पाच पावसाळे गेले आणि ती वेळ मी आणली नाही. त्यामुळे तुम्ही म्हणालात तेही खरं नसेल. मला मोकळंही व्हायचं नव्हतं, मला सुरक्षित राहायचं होतं.

आणि तुमचं काय झालं ते मी बघत होते. भुईगावात लोक म्हणायला लागले, लाइनमननं बिल्डिंगवाल्यांना आधी वाचवलं, आपल्या माणसाला शेवटी ठेवलं. तुम्हाला. ज्यानं आमच्या तोंडावर आमच्या भरावाचा हिशोब मांडला, त्याला लोक बिल्डिंगवाल्यांचा माणूस म्हणाले. तिकडच्या लग्नांची निमंत्रणं तुम्हाला येईनाशी झाली. तुम्ही मंडळाच्या सभेत पुन्हा मागच्या खुर्चीवर बसू लागलात. मी समोर, अध्यक्षाच्या.

दहाव्यानंतर मी वहिनींना सांगितलं. लोक उठून गेले होते, त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "पन मला सांगून काय? जिला सांगायचं तिला जाऊन सांग."

म्हणून परवा मी भुईगावला गेले.

जसिंता वाडीत होती, केळीची सुकलेली पानं काढत. त्यांची घरची बोली वेगळी; माझ्याशी ती शाळेतल्यासारखं जपून मराठी बोलते. मला पाहून तिनं कोयता खाली ठेवला. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. मी उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर मला बोलता आलं नसतं. आदल्या दिवशी अण्णा हॉलचं ठरवून आले होते. मी नाही म्हटलं. सभेत त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी गप्प राहिले.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "तुम्ही हो म्हणाला असता तर मार्शल वाचला असता?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते पाच वाचले.

तिनं केळीचं एक सुकलेलं पान ओढून काढलं. मग म्हणाली, की तुम्ही दरवर्षी पावसाआधी तिच्याकडे यायचात. विहिरीवरच्या मोटारीची वायर बघायचात, मीटर बघायचात, न बोलता निघून जायचात. ती दार उघडं ठेवायची आणि आत निघून जायची. "पाच वर्षं," ती म्हणाली, "उन्हातून आलेल्या माणसाला मी पाणी विचारलं नाही."

हे मला तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, अण्णा.

मी म्हटलं, उद्या रविवारी शोकसभा आहे, तिथं सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात क्षमा नव्हती आणि मी ती मागितलीही नाही. "तुम्ही सांगाल तेव्हा खरं," एवढंच म्हणून तिनं कोयता उचलला.

काल तो रविवार होता. सभा तुमच्याच गावच्या समाजमंदिरात ठेवली होती. बिल्डिंगवाले एका बाजूला बसले, गाववाले दुसऱ्या बाजूला, नेहमीप्रमाणे. वहिनी पुढच्या रांगेत एकट्या. त्यांच्या शेजारची खुर्ची कुणी घेतली नव्हती. माझ्या आधी तिघं बोलले. दोघांनी तुमचं कौतुक केलं. तिसऱ्यानं, अगदी प्रेमानं, ते वाक्य म्हटलंच, एकदाच चुकले म्हणून.

मी उभी राहिले. लिहून आणलेला कागद उघडलाच नाही. म्हटलं, "वादळाच्या आदल्या दिवशी पेशंट हलवू नका असं अण्णा म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते." मुख्याध्यापकांनी मान वर केली. मागून कुणीतरी, काय, काय म्हणाल्या, असं विचारलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. इतिवृत्तात मी खोटं लिहिलं, आजच ते पान दुरुस्त करून घ्या, आणि अध्यक्षपदासाठी दुसरं नाव सुचवा, हेही सांगितलं. गाववाल्यांच्या बाजूला कुजबुज वाढली. एक जण उठून बाहेर गेला. माझ्याच बिल्डिंगमधल्या बाई माझ्याकडे बघायचं टाळून पदराशी चाळा करत होत्या.

तेवढ्यात दाराशी जसिंता दिसली. ती आत येऊन कडेनं उभी होती, केव्हापासून ते मला कळलं नव्हतं. सगळ्यांच्या माना वळल्या. ती सावकाश चालत पुढं आली. मला वाटलं ती माझ्याकडे येतेय. ती माझ्यासमोरून गेली, आणि वहिनींच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

वहिनींनी थोडं सरकून तिला जागा दिली.

त्यानंतर मी काय बोलले, मला आठवत नाही.